गायकी, खलासी, गोलंदाज : जुन्या कागदांतील धंद्यांचे शब्द कसे वाचावेत

नागपूरच्या महाल भागातून आपण पाठवलेल्या तीन कागदांच्या छायाप्रती मी गेले दोन दिवस भिंगाखाली पाहतो आहे. पहिला कागद उमरेड तहसिलीतील आपल्या मूळ गावच्या कोटवार बुकातला, म्हणजे जन्म-मृत्यूच्या वहीतला, आहे. त्यात आपल्या आजोबांच्या जन्माची १९०८ सालची नोंद असून पणजोबांच्या नावापुढे ‘गायकी’ असा शब्द आहे. दुसरा कागद त्याच आजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरचा, १९१६ सालचा. त्यात पालकाचा धंदा ‘खलासी’ लिहिला आहे. तिसरे शके १८१३ चे, म्हणजे १८९१-९२ सालचे, मोडीतील वाटणीपत्र आहे आणि त्यात आपल्याच आडनावाच्या एका माणसाला ‘गोलंदाज’ म्हटले आहे. एकाच घरात गवई, जहाजावरचा खलाशी आणि तोफखान्यातला माणूस हे सारे कसे, असा आपला प्रश्न आहे. शिवाय कोटवार बुकातच जातीच्या रकान्यात ‘को’ने सुरू होणारा आणि ‘री’ने संपणारा एक शब्द आपल्याला लागत नाही, तो कोणता, हेही आपण विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो. आपले पणजोबा गवई नव्हते, ते गावची गुरे राखत होते. पुढे ते रेल्वेत अंगमेहनतीच्या कामावर लागले; समुद्राशी त्यांचा संबंध आला नाही. वाटणीपत्रातला गोलंदाज आपला पूर्वज आहे, असे त्या कागदावरून म्हणता येत नाही. आणि लागत नसलेला शब्द ‘को’ने सुरूच होत नाही. हे मी कशावरून म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे अजून कागद येणार आहेत आणि ते आपल्याला स्वतःला वाचता यावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

धंद्याचा शब्द कधीही एकटा काढून वाचू नये. तो कोणत्या हाताने लिहिला, कोणाच्या तोंडून ऐकून लिहिला, कोणत्या दफ्तराच्या कोणत्या रकान्यात लिहिला आणि कोणत्या साली लिहिला, ही चार उत्तरे हाती आल्याशिवाय शब्दकोश उघडला, तर कोशातला पहिला अर्थ आपल्याला फसवतो. ‘गायकी’चे नेमके तेच झाले आहे. प्रमाण मराठीत गायकी म्हणजे गाण्याची पद्धत. पण नागपूरच्या पूर्वेकडे, उमरेड, भिवापूर, कुही, भंडारा, नागभीड या पट्ट्यात गायकी म्हणजे गुराखी, गावाच्या गाई सांभाळणारा माणूस. सकाळी घरोघरची जनावरे आखरावर गोळा व्हायची, गायकी ती रानात नेऊन दिवस मावळताना परत आणायचा, आणि सुगी झाली की प्रत्येक घरातून जनावरांच्या हिशेबाने त्याला धान्य मिळायचे. त्या भागातल्या वयस्क माणसाला हा शब्द आजही समजावून सांगावा लागत नाही. आपण शहरात वाढलात, शब्द पुस्तकातून ओळखलात, म्हणून घरात गवयाची आठवण तयार झाली. अशी गोड समजूत मोडताना मला नेहमी वाईट वाटते, परंतु वर्षभर उन्हापावसात साऱ्या गावाची गुरे राखणाऱ्या माणसाची ओळख त्याच्या पणतवंडांनी पुसून टाकावी, याचे मला त्याहून अधिक वाईट वाटेल.

कोटवार बुक कसे लिहिले जाई, हे येथे समजून घेतले पाहिजे. मध्य प्रांतात कोटवार हा गावचा राखणदार होता आणि गावातले जन्म-मृत्यू पोलीस ठाण्यावर कळवणे हे त्याच्या कामांपैकी एक होते. बहुतेक कोटवारांना लिहिता येत नसे. त्यामुळे वहीतला मजकूर कधी ठाण्यावरच्या मोहरीराने, म्हणजे कारकुनाने, कधी शाळामास्तराने, कधी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनमालकाच्या, गुमास्त्याने कोटवाराच्या तोंडून ऐकून उतरवलेला असे. म्हणजे सांगणारा गावचा आणि लिहिणारा पुष्कळदा बाहेरचा, अशी ती जोडी होती. सांगणारा झाडीच्या, म्हणजे नागपूरच्या पूर्वेकडच्या या पट्ट्याच्या, बोलीत सांगे आणि लिहिणारा, उर्दू-हिंदी वळणाच्या दफ्तरात शिकला असल्यास, आपल्या सवयीचे स्पेलिंग करी. म्हणून आपल्या भागातल्या कागदांत मराठी वाक्यात ‘वल्द’, ‘साकिन’, ‘पेशा’, ‘कौम’, ‘कैफियत’ असे शब्द सर्रास भेटतात. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, पेशा म्हणजे धंदा, कौम म्हणजे जात, साकिन म्हणजे राहणार आणि कैफियत म्हणजे आपण आज ज्याला शेरा म्हणतो तो रकाना. पानाच्या माथ्यावरचे हे शब्द आधी वाचावेत. रकाना पेशाचा की कौमचा, हे न पाहता खालचा शब्द वाचल्याने झालेल्या चुका मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत.

आता तो न लागणारा शब्द. आपण ‘को’ वाचल्यामुळे आपल्यापुढे कोरी, कोळी आणि कोहळी असे पर्याय उभे राहिले, आणि ते तिन्ही आपल्या मुलखात संभवतात. कोरी हे उत्तरेकडचे विणकर. कोळी मासेमारी, नाव चालवणे आणि पाणी भरणे या कामांतले. कोहळी हे भंडारा-चंद्रपूरकडचे शेतकरी, तलाव बांधण्याच्या कौशल्यासाठी आणि उसाच्या लागवडीसाठी ओळखले जाणारे. त्यात बोलीची भर पडते. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात. तर पश्चिमेकडे वऱ्हाडीत त्याच ‘ळ’चा ‘य’ होतो आणि डोळा ‘डोया’ होतो. म्हणून झाडीतल्या कोटवाराने ‘कोरी’ सांगितले तर तो मुळात कोळी असू शकतो, आणि तीच अक्षरे जबलपूरकडून आलेल्या लेखनिकाने लिहिली असतील तर खरोखरचा कोरीही असू शकतो. असा प्रसंग आला की त्याच लेखनिकाने ‘ळ’ असलेली माहीत नावे कशी लिहिली आहेत ते पाहावे. ‘काळू’ला तो ‘कारू’ लिहितो का, ‘पिंपळगाव’ला काय करतो, हे दोन-तीन पानांत समजते.

मात्र आपल्या नोंदीत इतक्या दूर जाण्याची गरज पडली नाही. शेजारच्याच रकान्यात, त्याच ओळीत, त्याच हाताने ‘गायकी’ लिहिले आहे, आणि त्या एका शब्दात ‘ग’ आणि ‘क’ ही दोन्ही अक्षरे आहेत. या लेखनिकाच्या ‘क’चे डावे पोट दंडाला घट्ट चिकटलेले असते, ‘ग’चा डावा भाग मात्र दंडापासून सुटा असतो आणि त्याच्या टोकाला छोटी गाठ असते. आपल्या न लागणाऱ्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे करून पाहा. डावा भाग सुटा आहे, गाठही आहे. दंडाच्या उजवीकडे पडलेला शाईचा डाग आपण ‘क’चे उजवे पोट समजलात. अक्षर ‘गो’ आहे, पुढचे ‘वा’ कागदाच्या घडीत गेले आहे आणि शेवटी ‘री’ आहे. शब्द ‘गोवारी’ आहे. गुरे राखणे हा गोवारी लोकांचा परंपरेचा व्यवसाय असल्यामुळे दोन्ही रकाने एकमेकांशी जुळतात. परंतु क्रमाकडे कृपया लक्ष द्यावे. मी आधी अक्षर ठरवले आणि मग अर्थ जुळतो का ते पाहिले. ‘गायकी’ आहे म्हणजे ‘गोवारी’च असणार, असे म्हणून अक्षर वाचले असते, तर योगायोगाने उत्तर बरोबर आले असते तरी वाचन चुकीचेच ठरले असते. एकदा मूळ पान समोर ठेवून, घडी हलक्या हाताने उलगडून, ‘वा’ची खूण दिसते का ते आपण अवश्य पाहावे.

हस्ताक्षर लावण्याची माझी पद्धत हीच आहे. नवे दफ्तर हाती आले की धंद्याच्या शब्दांना मी आधी हातच लावत नाही. जे शब्द काय असणार हे मला आधीच माहीत आहे, म्हणजे महिन्यांची नावे, गावाचे नाव, परगण्याचे नाव, रामा, गोविंदा, सखाराम अशी नेहमीची नावे, त्यांतून त्या लेखनिकाची अक्षरे एका कागदावर जशीच्या तशी उतरवून घेतो. तासाभरात त्याची बाराखडी तयार होते. मग कळते की हा माणूस ‘ख’ लिहिताना ‘र’ आणि ‘व’ सुटे काढतो, त्यामुळे आपले ‘खलासी’ हे आपल्या पुतण्याने ‘रवलासी’ असे वाचले. किंवा याचा ‘स’ डावीकडे पुसट झाला की ‘म’ दिसतो, आणि विणणारा साळी फुलवाला माळी होऊन बसतो. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’ या जोड्या प्रत्येक हातात तपासून घ्याव्यात. अनुस्वारावर तर अजिबात भिस्त ठेवू नये. एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला देवळाचे पुजारी मानले होते. कागदावरचा शब्द टिंब न दिलेला ‘पिजारी’, म्हणजे पिंजारी, कापूस पिंजणारा, असा निघाला. तोच लेखनिक लिंबाजीलाही ‘लिबाजी’ लिहीत होता, म्हणजे टिंब न देणे ही त्याची रीत होती. छायाचित्र घेताना दिवा समोरून न धरता बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर धरावा. बोरूने किंवा टाकाने दाबलेल्या रेषेची चर शाई उडाली तरी सावलीत दिसते. मूळ कागदावर पेन्सिलीची खूणही करू नये.

दोन छोट्या शब्दांविषयी सावध करतो. एकाखाली एक नोंदी असल्या की लेखनिक तोच धंदा पुन्हा न लिहिता ‘ऐजन’ किंवा ‘कित्ता’ लिहितो. दोहोंचा अर्थ ‘वरीलप्रमाणे’. ‘ऐजन’ हा कुठलासा लुप्त झालेला धंदा समजून त्याचा शोध घेणारे लोक मला भेटले आहेत. अशा वेळी बोट वर सरकवत पहिला पूर्ण शब्द येईपर्यंत जावे, आणि तो मागच्या पानावर असला तर मागचे पानही मागून घ्यावे. एकाच नोंदीची प्रत मागण्याची आपल्याकडची सवय याच कारणाने नुकसानीची आहे. किमान मागचे आणि पुढचे पान सोबत असावे.

आता ‘खलासी’. या शब्दाचा जहाजाशी असलेला संबंध खरा आहे, पण दोर, कप्पी आणि अवजड वजन हाताळणाऱ्या माणसाला हेच नाव लागत असल्यामुळे तो जमिनीवर आला आणि रेल्वे, सर्वेक्षण, बांधकाम या खात्यांत कायमचा रुजला. रेल्वेच्या कारखान्यात व रुळांवर आजही खलाशी आहेत. १९१६ साली उमरेडच्या एखाद्या माणसाला खलासी म्हटले असेल, तर सर्वांत आधी बंगाल-नागपूर रेल्वेकडे पाहावे. नागपूरहून उमरेडवरून नागभीडकडे जाणारा त्या कंपनीचा नॅरोगेज फाटा विसाव्या शतकाच्या आरंभी झाला आणि त्या वाटेवरच्या गावांतली पुष्कळ माणसे गावकामातून रोख पगाराच्या कामात गेली. आपल्या कागदात त्याला आधारही आहे. दाखल-खारीजात राहण्याच्या ठिकाणी गावाचे नाव नसून ‘रेल्वे लाईन’ लिहिले आहे, ते आपण पाहिलेले दिसत नाही. १९०८ चा गायकी आठ वर्षांनी रेल्वेचा खलासी होणे यात विसंगती काहीच नाही. त्या काळच्या असंख्य घरांची हीच वाट होती. माझ्या मते आपल्या तीन कागदांतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. एका माणसाने धान्यावर चालणारे काम सोडून महिन्याचा पगार धरला आणि मुलाला शाळेत घातले, हे सारे दोन रकान्यांच्या दोन शब्दांत दिसते आहे.

शब्द तोच राहतो आणि काम बदलते, याची आणखी काही उदाहरणे देतो, कारण ती आपल्याला पुढे भेटणारच. शहराचा कोतवाल हा जुन्या राजवटीत बंदोबस्ताचा मोठा अधिकारी होता; गावचा कोतवाल किंवा कोटवार हा गावकामगारांत सर्वांत खालच्या पायरीवरचा. शिपाई हा १८५० मध्ये सैनिक असण्याचा संभव अधिक, १९०० मध्ये पोलीस, आणि १९४० मध्ये कचेरीतला चपराशी. मुकद्दम हा गावचा प्रमुख, तर मुकादम हा गिरणीत, रुळावर किंवा बांधकामावर मजुरांची टोळी चालवणारा. लेखनिक मात्र दोन्ही शब्द एकसारखेच लिहितो. जमादार पूर्वी सैन्यात अधिकारी असे, कचेरीत चपराशांचा प्रमुख असतो आणि नगरपालिकेत सफाई कामगारांवरचा माणूस असतो. बिगारी म्हणजे पूर्वी सरकारासाठी किंवा मालगुजारासाठी वेठीला धरलेला, नंतर नुसता अकुशल मजूर. रेल्वे स्टेशनवर उतारूंना पाणी देणारा ‘पाणीपांडे’ असे. हे कामाचे नाव आहे, त्यावरून पांडे आडनावाच्या घराण्याशी नाते जोडू नये. ‘नोकर’ किंवा ‘नौकर’ एवढेच खेड्यातल्या नोंदीत असले तर सरकारी नोकरी गृहीत धरू नका. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरी सालाने राहणाऱ्या सालदारालाही नौकरच म्हणतात. आणि ‘कास्तकार’ दिसल्यावर कुणी जात शोधू लागते, तो विदर्भात केवळ शेतकरी आहे.

तारखेचा उपयोग याच ठिकाणी होतो. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली आणि एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याआधीच्या कागदात आपल्याला ‘मिल’ किंवा ‘टेशन’ वाचता येऊ लागले, तर वाचनच चुकले आहे असे समजून पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी. उलट १८७७ नंतरच्या शहरातल्या नोंदीत कोष्टी घरातल्या माणसाच्या धंद्यापुढे ‘साचा’ असा नुसता शब्द आला, तर तो माणूस हातमाग सोडून गिरणीच्या मागावर गेला आहे असे मानायला चांगला आधार मिळतो, कारण गिरणीच्या बोलीत साचा म्हणजे यंत्रमाग. हुद्द्यांचेही तसेच आहे. मध्य प्रांतात जिल्ह्याचा प्रमुख डिप्टी कमिशनर असे, आणि ‘ई. ए. सी.’ ही तीन अक्षरे दिसली की ती एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनरची आहेत, हे मुंबई इलाख्याच्या कागदांवर हात बसलेल्या माणसालाही पटकन सुचत नाही. मामलेदार हा तिकडचा शब्द, तहसीलदार हा इकडचा. आपल्या नागपूर-वर्धा-भंडाऱ्याचे कागद पुणे-साताऱ्याच्या नमुन्यावरून वाचू नयेत, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. आपला महसुली इतिहास १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताचा आणि मग मध्य प्रदेशाचा आहे, आणि वऱ्हाड तर १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होते.

याच कारणाने जमिनीच्या कागदांतल्या काही शब्दांना लोक धंदा समजतात. मालगुजारी गावांच्या जमाबंदीत ‘मालिक मकबुजा’, ‘मौरुसी’, ‘मामुली’ असे शब्द नावापुढे येतात. हे धंदे नव्हेत. जमिनीवरच्या हक्काची ही प्रतवारी आहे. मालिक मकबुजा म्हणजे आपल्या तुकड्यापुरता मालक, मौरुसी म्हणजे वंशपरंपरेने चालणारा ताबा असलेले कूळ, आणि मामुली म्हणजे साधे कूळ. ‘सीर’ आणि ‘खुदकास्त’ ही मालगुजाराच्या घरच्या जमिनीची नावे आहेत. ‘लंबरदार’ हा गावाच्या वतीने सरकारी सारा भरण्यास जबाबदार असलेला हिस्सेदार. लांबरुंद जमीन असलेला असा अर्थ त्यात नाही, तो इंग्रजी ‘नंबर’वरून आलेला आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, पण हे शब्द नंतरच्या कागदांत आणि लोकांच्या बोलण्यात रेंगाळत राहिले. घरात ‘आमचे आजोबा मौरुसी होते’ असे सांगितले जात असेल, तर ते हक्काविषयीचे खरे वाक्य आहे. धंदा मात्र त्यातून कळत नाही.

वाटणीपत्राकडे येतो. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहिली जातात, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात आणि इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. त्यामुळे एक वाक्य कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे मजकुराच्या ठरलेल्या साच्यावरून ओळखावे लागते. दस्तऐवजाचा साचा ठरलेला असतो : लिहून देणार-घेणारांची नावे, वये, धंदे, गाव, मग कारण, मग मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा, म्हणजे तिच्या चारी बाजूंच्या हद्दी, मग साक्षी. आपण ‘गोलंदाज’ हा शब्द पक्षकारांच्या वर्णनातला समजलात. तो चतुःसीमेत आहे. त्याच्या आधी ‘पूर्वेस’ आणि नंतर ‘याचे घर’ ही अक्षरे एका सलग रेषेत आली आहेत, म्हणून आपल्या नजरेतून निसटली. कागद एवढेच सांगतो की वाटलेल्या घराच्या पूर्वेला आपल्याच आडनावाच्या एका गोलंदाजाचे घर होते. तो भाऊबंद असण्याचा संभव चांगला आहे, कारण एका वाड्यात भाऊबंदांची घरे शेजारी असत. पण त्याच्यापासून आपल्यापर्यंत येणारी एकही कडी या कागदात नाही, आणि गायकी आणि खलासी हे एकच पणजोबा आहेत हे जसे मी दोन्ही कागदांतल्या आजोबांच्या नावावरून आणि जन्मतारखेवरून म्हणू शकतो, तसे येथे म्हणता येत नाही.

गोलंदाज हा शब्द मात्र मौल्यवान आहे. आज तो फक्त क्रिकेटमध्ये उरला; तेव्हा तो तोफ डागणाऱ्याचा हुद्दा होता. नागपूरच्या भोसल्यांच्या पदरी तोफखाना होता आणि २६-२७ नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईत तो वापरला गेला. १८५७ नंतर इंग्रज सरकारने डोंगरी तोफखाने सोडले तर हिंदी माणसांना तोफांपासून दूर ठेवले. म्हणजे १८९१ मध्ये उमरेडकडच्या गावात कुणी गोलंदाज नोकरीत असणे जवळजवळ अशक्य आहे. हा हुद्दा एक-दोन पिढ्यांपूर्वीच्या माणसाचा असून त्याच्या घराला चिकटून राहिला असावा, जसे चिटणीस, पोतनीस, सुभेदार ही नावे हुद्दे संपल्यावरही घराण्यांना चिकटून राहिली. असा मागे राहिलेला हुद्दा आणि चालू धंदा यांत फरक करण्यासाठी साक्षीदारांच्या सह्यांकडे पाहावे. माणूस स्वतः सही करताना सहसा चालू ओळख लिहितो, शेजारी त्याला जुन्या ओळखीने हाक मारतात.

जात आणि धंदा यांच्या रकान्यांबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, कारण ती लपवण्याकडे घरांचा कल असतो. लेखनिक पुष्कळदा धंद्याच्या रकान्यात जातीचेच नाव टाकून मोकळा होई. ‘तेली’ लिहिलेला माणूस घाणा चालवत होता की शेती करत होता, हे त्यावरून कळत नाही. उलट आळसाने सगळ्या पानाला ‘शेती’ किंवा ‘मजुरी’ लावलेली असते. म्हणून पानभर एकच धंदा दिसला तर त्याला पुराव्याचे वजन देऊ नये. आणि पानभर ‘मजुरी’ असताना मध्येच एखाद्यापुढे ‘बरई’, ‘कल्हईवाला’, ‘मापारी’ असा वेगळा शब्द आला, तर तो विश्वासाने धरावा, कारण तेवढ्यापुरता लेखनिकाने विचारून लिहिले आहे. आपली नोंद याच दुसऱ्या प्रकारची आहे. त्या पानावर नऊ जणांपुढे ‘मजुरी’ आहे आणि एकट्या आपल्या पणजोबांपुढे ‘गायकी’.

शब्दांच्या अर्थासाठी मी चार ग्रंथ हाताशी ठेवतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती त्या काळचा अर्थ देते, म्हणून आजच्या कोशापेक्षा तिच्यावर माझी भिस्त अधिक. महसुली आणि न्यायालयीन शब्दांसाठी विल्सनचा १८५५ चा कोश, फारसी शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश, आणि मध्य प्रांतातल्या जाती व त्यांचे व्यवसाय यांसाठी रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ चे चार खंड. या शेवटच्या ग्रंथातली माहिती उपयोगी आहे, परंतु लोकांच्या स्वभावाविषयीची त्यातली विधाने त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या नजरेतली आहेत. शब्द घ्यावा, शेरे सोडून द्यावेत. आणि कोणताही कोश उघडण्यापूर्वी त्या गावातल्या सत्तरीपुढच्या दोन माणसांना शब्द मोठ्याने वाचून दाखवावा. ‘गायकी’ मला प्रथम कोणत्याही कोशाने सांगितलेले नाही, एका म्हाताऱ्या आजींनी सांगितले.

वंशावळीच्या वहीत नोंद करताना मूळ अक्षरे जशी दिसतात तशी एका ओळीत लिहा, शंका असलेल्या अक्षराखाली टिंब द्या, आणि आपला अर्थ त्याखाली स्वतंत्र ओळीत, तारीख घालून लिहा. अर्थ पुढे बदलेल, तेव्हा मूळ वाचन सुरक्षित राहील. जातपडताळणीसारख्या कामासाठी माझे किंवा आपले वाचन पुरेसे नाही. तिथे तहसिलीतून साक्षांकित प्रतच घ्यावी लागते आणि मोडी असल्यास अधिकृत जाणकाराचे लिप्यंतर.

यापुढे आपण तीन गोष्टी कराव्यात. तहसिलीतल्या अभिलेख कक्षात त्याच कोटवार बुकाची १९०४ ते १९१४ पर्यंतची पाने मागावीत. आजोबांच्या भावंडांच्या जन्मनोंदीत ‘गायकी’ कोणत्या वर्षापर्यंत येते आणि कधी बंद होते, त्यावरून गाव सोडल्याचे वर्ष साधारण कळेल. शाळेच्या दाखल-खारीजात आजोबांच्या आगेमागे दाखल झालेल्या मुलांचे पालक पाहावेत. दोन-चार खलासी, गँगमन, पॉईंटमन एकत्र निघाले तर रेल्वे लाईनीतली ती वस्तीच आपल्या हाती येईल. आणि वाटणीपत्राची दुसरी बाजू पाठवावी. आपण पाठवलेल्या प्रतीत साक्षीदारांची नावे नाहीत, ती बहुधा पाठीमागे असतील, आणि पूर्वेकडच्या त्या गोलंदाजाच्या घरातल्या कुणाची सही त्यांत सापडली, तर त्याच्या बापाचे नावही सोबत मिळेल.